सात वाढवा

रंगाची ती लाल पूड चिमूटभरच असते, पण एकदा बोटाला लागली की आठवडाभर साबणाला जुमानत नाही. गेली अकरा वर्षं ती हॉस्पिटलच्या तळमजल्यावरचा लेसर सांभाळत होती आणि तिची बोटं कायम गुलाबी असायची. म्हणून सगळे तिला रंगताई म्हणत. खरं नाव हजेरीपुस्तकात तेवढं उरलं होतं.

साधा लेसर हट्टी असतो. जन्मताना जो रंग घेऊन आला तोच शेवटपर्यंत. हिरवा तो हिरवा, तांबडा तो तांबडा. रंगताईचा लेसर मात्र समजूतदार होता. त्याच्या पोटात रंग विरघळवलेलं पाणचट द्रव पंपाने गरगर फिरत राहायचं, त्यावर दुसऱ्या लेसरचा हिरवा झोत पडायचा, आणि त्यातून तांबडा प्रकाश बाहेर यायचा. बाजूची तबकडी फिरवली की तोच तांबडा जरा नारिंगीकडे झुकायचा, नाहीतर आणखी गडद व्हायचा. जुन्या रेडिओवर स्टेशन लावतात तसं. कॉलेजातल्या दोन प्राध्यापकांनी असलाच पहिला लेसर टेबलावर जुळवला तेव्हा रंगताई त्यांच्या हाताखाली होती. माशांच्या टाकीचा पंप वापरला होता त्यांनी. नळी सुटली आणि मोठ्या प्राध्यापकांचा शर्ट कॉलरपासून खालपर्यंत गुलाबी झाला. तरी दोघं नाचले होते, कारण नळी सुटायच्या आधी चार मिनिटं त्यांना हवा तो रंग मिळाला होता.

आता असल्या प्रकाशाने गाठी जाळतात. पेशंटच्या शिरेतून एक औषध देतात. दोन दिवसांत ते गाठीत मुरतं आणि तिथे नुसतं निपचित पडून राहतं. मग घशातून बारीक काचतंतू उतरवून त्यावर एका ठरावीक तांबड्या रंगाचा प्रकाश सोडायचा. रंग तरंगलांबीच्या आकड्याने मोजतात, आणि हवा तो आकडा सहाशे तीस. तो रंग पडला की औषध जागं होतं आणि गाठ आतल्या आत जळते. आकडा चुकला तर औषध झोपलेलंच राहतं. औषध कातडीतही उतरतं, त्यामुळे पेशंटने महिना-सव्वा महिना उन्हाचं तोंड बघायचं नाही. नाहीतर अंग भाजून निघतं.

त्या सकाळी पडदे ओढलेल्या खोलीत बसलेला पेशंट तिचा सख्खा मोठा भाऊ होता.

दादाने एकतीस वर्षं लोकांना गाडी चालवायला शिकवलं. हॉस्पिटलच्या पलंगावरही तो उजवा पाय ब्रेकवर ठेवल्यासारखा बसायचा. अन्ननलिकेत गाठ झाली आणि बघता बघता माणूस अर्धा झाला. आता घोटभर पाणीसुद्धा तीनदा थांबून, डोळे मिटून उतरवावं लागत होतं. ऑपरेशनला शरीर पुरं पडणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. राहिला होता हा एकच रस्ता. औषध देऊन दोन दिवस झाले होते. प्रकाश आज द्यायचा, फार तर उद्या दुपारपर्यंत. त्यानंतर औषध गाठीतून ओसरतं आणि पुन्हा द्यायचं तर महिनाभर थांबावं लागतं. दादाजवळ महिना नव्हता. हे त्याला माहीत होतं, तिला माहीत होतं, आणि दोघंही त्याबद्दल मूग गिळून होते.

"काय गं, गाडी गरम केलीस का?" अंधारातून दादा म्हणाला. आवाज पार घोगरा झाला होता.

"करते. नऊला सुरू करते, अकराला तुझा नंबर."

"घाई करू नकोस. नवशिके घाईत गिअर चुकतात."

"अकरा वर्षं झाली मला, दादा."

"मग तर जास्तच जपून. अपघात नवशिक्यांच्या हातून कमी होतात. सवय झालेल्यांच्या हातून होतात." हे तो प्रत्येक शिकाऊ माणसाला ऐकवायचा. तिनेही ते शेकडो वेळा ऐकलं होतं आणि शेकडो वेळा कानाआड केलं होतं.

लेसरच्या खोलीत येऊन तिने पंप चालू केला, बुडबुडे बसू दिले, चष्मा चढवला आणि तबकडी सहाशे सदतीसवर आणली. हवा असतो सहाशे तीस, पण ही तबकडी झिजली होती आणि सात आकडे पुढचं दाखवायची. म्हणून तबकडीखाली रंगताईने दोन वर्षांपूर्वी चिकटपट्टी लावून ठेवली होती. तिच्याच गोल अक्षरात लिहिलं होतं, 'सात वाढवा'. रंग मोजायचं यंत्र चार महिन्यांपूर्वी दुरुस्तीला गेलं ते गेलंच. तेव्हापासून सगळी भिस्त त्या पट्टीवर.

रोजच्यासारखं असतं तर ती आता झाकण लावून चहाला गेली असती. पण आज दादाचा नंबर होता, चहा नको वाटला. काहीतरी करत राहावं म्हणून तिने खालच्या कप्प्यातून कॉलेजच्या काळातला छोटा वर्णपटमापक काढला. बोटभर नळी, आतून पाहिलं की प्रकाशाच्या रेघा दिसतात. भिंतीवरच्या वीजपट्टीतला लाल निऑन दिवा घेतला. निऑनच्या रेघा ठरलेल्या असतात, कुणाच्या बापाला हलवता येत नाहीत, आणि त्यातली एक बरोबर सहाशे तीसला पडते. लेसर अगदी मंद करून तिने त्याचा ठिपका कोऱ्या कागदावर पाडला, शेजारी निऑन धरला आणि नळीला डोळा लावला.

लेसरची रेघ त्या जागी नव्हती. ती एक रेघ सोडून पलीकडे होती.

तिने डोळा चोळला. चष्म्याची काच पुसली. पुन्हा पाहिलं. मग तबकडी सावकाश मागे आणली, सहाशे पस्तीस, तेहतीस, एकतीस. तबकडीने तीस दाखवलं आणि दोन्ही रेघा एकमेकींवर बसल्या.

तबकडी खरं बोलत होती.

खुर्चीत बसून तिने फाइल ओढली. आठ आठवड्यांपूर्वी कंपनीचा इंजिनिअर येऊन गेला होता. त्या दिवशी ती खोलीत नव्हती, दादाच्या तपासण्यांसाठी वर-खाली करत होती. संध्याकाळी येऊन तिने त्याच्या कागदावर सही केली होती. कागद चार पानी होता. तिसऱ्या पानावर, सरळ स्वच्छ भाषेत, लिहिलेलं होतं: 'तबकडीचं चक्र बदललं. आता आकडा बरोबर दाखवते.' पट्टी मात्र त्याने काढली नव्हती. दुसऱ्याने लिहिलेल्या चिठ्ठीला हात लावायचा नाही, अशी त्याची शिस्त असावी. आणि हिची शिस्त काय, तर सही करायची, वाचायचं नाही.

आठ आठवडे ती बरोबर आकड्यात सात वाढवत होती.

आता पुढचा प्रश्न. तो विचारायलाही तिला धीर होईना. या आठ आठवड्यांत प्रकाश किती जणांना दिला? औषध दुर्मिळ, पेशंट मोजके. तिने रजिस्टर उघडलं. एकच नोंद. बावीस दिवसांपूर्वी. सुतारकाका.

सुतारकाका म्हणजे साठीचा, कमी बोलणारा, लाकडी खिडक्या-दारं करणारा माणूस. त्यांचीही अन्ननलिका, जवळजवळ दादासारखीच गाठ. प्रकाश देऊन झाल्यावर त्यांनी तिला हात जोडले होते. नंतर दोनदा आत दुर्बीण घालून पाहिलं, गाठ जशीच्या तशी. 'औषधाने काम केलं नाही,' असं डॉक्टर म्हणाले होते. 'काहींच्या शरीरात करत नाही.' आणि आज बाराला ते शेवटचं ऐकायला येणार होते. आता करण्यासारखं काही उरलं नाही, हे.

शरीराने काहीही नाकारलं नव्हतं. हव्या त्या रंगाचा उजेड त्यांना मिळालाच नव्हता.

भिंतीवर नियम लावलेला होता आणि तो रंगताईनेच लिहून डॉक्टरांची सही घेऊन लावला होता. रंगाबद्दल शंका आली की यंत्र बंद, बाहेरचा माणूस येऊन तपासेपर्यंत. बाहेरचा माणूस यायला दहा दिवस लागत. पंधराही. आत्ता वर जाऊन सांगितलं तर डॉक्टर पहिली गोष्ट हीच करणार. दादाची वेळ उद्या दुपारी संपत होती.

आणि सांगितलं नाही तर? तबकडी तीसवर, पट्टी काढून कचऱ्यात. दादाला बरोबर प्रकाश मिळणार. कुणाला कशाचा पत्ता लागणार नाही. सुतारकाका घरी जातील, आणि त्यांच्या शरीरात औषध चालत नाही असं समजत राहतील, जितके दिवस असतील तितके.

माणसाचं मन अशा वेळी भारी चलाख होतं. रंगताईच्या मनाने पाच मिनिटांत तोडगा काढला. आधी दादा, मग सांगायचं. अकराला दादा, बाराच्या आत डॉक्टर. म्हणजे सांगितलंही आणि दादाही वाचला. कुठे कुणाचं वाईट झालं? ती हे स्वतःला पुन्हापुन्हा पटवत होती, आणि दर वेळी पटवावं लागत होतं, यावरूनच काय ते समजावं.

तिने पट्टी नखाने काढली. नळीतून पुन्हा रेघा जुळवून पाहिल्या. मग पाणी प्यायली आणि तिसऱ्यांदा पाहिल्या.

अकराला दादाला पलंगासकट आणलं. अंगावर जाड चादर, डोळ्यांवर काळी पट्टी, घसा बधिर केलेला. डॉक्टर उंच, घाईचे, पण हाताचे फार हलके. त्यांनी काचतंतू उतरवला, यंत्राच्या पडद्यावर बघत गाठीशी नीट बसवला आणि नेहमीप्रमाणे, मान वर न करता विचारलं,

"तरंगलांबी?"

"सहाशे तीस."

बावीस दिवसांपूर्वीही तिने हेच उत्तर दिलं होतं, याच आवाजात. डॉक्टरांनी याच पेनाने ते लिहून घेतलं होतं.

"ताई, किती वेळा बघताय ती तबकडी?"

"भाऊ आहे ना."

"दुसरं कुणी असतं तर म्हटलं असतं आज तुम्ही नका करू. पण दुसरं आहे कोण? चला, करा सुरू."

साडेबारा मिनिटं. एरवी ती या साडेबारा मिनिटांत मनातल्या मनात बाजाराची यादी करायची. आज तिची नजर पंपावरून हलत नव्हती. चौथ्या मिनिटाला नळीत एक बुडबुडा शिरला, प्रकाश क्षणभर लुकलुकला. बुडबुडा निघून गेला. सातव्या मिनिटाला पंपाचा आवाज बदलल्यासारखा वाटला. बदलला नव्हता. नवव्या मिनिटाला तिला खात्री वाटू लागली की रेघा तिने उलट्या वाचल्या, खरा आकडा सदतीसच होता, आणि सकाळपासून तिने जे केलं ते सगळं घोळात केलं. उठून पुन्हा पाहावं असं इतकं वाटलं की तिने खुर्चीची कड घट्ट धरून ठेवली. दादाचा उजवा पाय चादरीखाली ताठ झाला होता. साडेबारा मिनिटं तो ब्रेक दाबून होता.

"झालं," डॉक्टर म्हणाले. "आता चार दिवसांनी आत पाहू. तेव्हाच काय ते कळेल."

दादाला खोलीत पोचवून, पडदे नीट आहेत ना हे बघून ती बाहेर पडली. घड्याळात बाराला दहा कमी. जिना चढताना वाक्य तयार होतं: डॉक्टर, माझ्या हातून एक चूक झालीय. एवढं म्हटलं की पुढचं आपोआप येईल.

डॉक्टरांच्या खोलीचं दार बंद होतं. बाहेरच्या बाकावरची बाई म्हणाली, "सुतारकाका आहेत आत. लवकर आले ते."

दार वाजवता आलं असतं. दार वाजवायला काय लागतं? दोन बोटं. रंगताई तिथे उभी राहिली आणि दारापलीकडून डॉक्टरांचा खालच्या पट्टीतला आवाज ऐकत राहिली. शब्द कळत नव्हते, कळायची गरजही नव्हती. त्या आवाजात डॉक्टर एकच गोष्ट सांगत. तिने हात वर केला. खाली घेतला. आत्ता मध्येच शिरणं बरं नाही, असं तिने स्वतःला सांगितलं. भित्र्या माणसाला शिष्टाचार नेमके अशा वेळी आठवतात.

दार उघडलं. आधी काकू आल्या, फाइल छातीशी धरून. मागून सुतारकाका. रुंद काठाची टोपी, हातमोजे, गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट. तिला पाहून ते थांबले.

"येतो, ताई. तुम्ही फार केलंत आमच्यासाठी."

ती दोघं सावकाश जिन्याकडे गेली. आतून डॉक्टरांनी हाक मारली, "ताई, काही काम होतं का?"

"आलेच," ती म्हणाली, आणि डॉक्टरांकडे न जाता जिन्यावरून पळत सुटली.

फाटकाच्या आतल्या बाजूला पत्र्याचं छप्पर होतं. ती दोघं त्याच्या सावलीत गाडीची वाट बघत उभी होती. रंगताईला धाप लागली होती. तयार केलेलं वाक्य कुठल्या कुठे गेलं.

"काका, तुमच्या शरीराचा दोष नाही," ती म्हणाली. "माझा आहे. प्रकाश चुकीच्या रंगाचा दिला मी. औषध जागंच झालं नाही. मी यंत्रावरची जुनी चिठ्ठी पाळत राहिले. यंत्र आठ आठवड्यांपूर्वीच दुरुस्त झालं होतं, तसं लेखी दिलं होतं मला, आणि मी ते वाचलं नाही."

काकूंनी आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"म्हणजे पडद्याचं नाही ते?" सुतारकाकांनी विचारलं.

"कसला पडदा?"

"प्रकाश दिल्याच्या दुसऱ्या दिवशी मी पडदा उघडला होता. एकदाच. समोरच्या घराची खिडकी मी केलेली होती, कुणीतरी तिला रंग देत होतं, म्हणून बघितलं. हात भाजला. मला वाटलं, त्यानेच सगळं वाया गेलं."

"तीन आठवडे हे घास घेताना तेच म्हणतायत," काकू म्हणाल्या. "आणि मीसुद्धा बोलले ह्यांना. नको नको ते बोलले."

"पडद्याचा काही संबंध नाही," रंगताई म्हणाली. तिला रडू आवरेना. "औषध पुन्हा देता येईल. लगेच नाही, आधीचं अंगातून जाईपर्यंत थांबावं लागेल. तोवर निभेल की नाही, डॉक्टर मान्य करतील की नाही, मला नाही सांगता यायचं. पण करण्यासारखं काही उरलं नाही, हे खरं नाही."

"तुम्हाला हे कधी कळलं?" काकांनी विचारलं.

"आज सकाळी. साडेनऊला."

त्यांनी कोटाची बाही मागे सारून घड्याळ बघितलं. सव्वाबारा. रंगताईने त्यांना घड्याळ बघताना पाहिलं, आणि पुढचं त्यांनी विचारायच्या आधीच सांगून टाकलं.

"मधे माझ्या भावाला प्रकाश दिला. आधी सांगितलं असतं तर यंत्र बंद केलं असतं. त्याची वेळ टळली असती."

"भावाला बरोबर रंग दिला?"

"हो."

"कशावरून?"

"तपासला. दुसऱ्या दिव्याशी जुळवून बघता येतो. पाच मिनिटांचं काम असतं."

"किती वेळा तपासलात?"

"तीन वेळा."

छपराखाली आणखी दोघं-तिघं येऊन उभी राहिली होती. एक गाडी आली, थांबली, कुणी चढत नाही असं बघून गेली. सुतारकाकांनी टोपी जरा मागे केली, तिच्या तोंडाकडे सरळ बघितलं आणि अगदी शांतपणे विचारलं,

"माझ्या वेळी?"

चिठ्ठी होती, मोजायचं यंत्र दुरुस्तीला गेलं होतं, भावाचं आजारपण चालू होतं. सगळी कारणं खरी होती आणि सगळी जिभेच्या टोकावर आली. तिने ती गिळली.

"एकदाही नाही," ती म्हणाली.

त्यांनी मान हलवली. रागावले नाहीत. रागावले असते तर तिला सोपं गेलं असतं. त्यांनी काकूंच्या हातातली फाइल घेतली आणि तिच्यासमोर धरली.

"चला मग," ते म्हणाले. "डॉक्टरांना तुम्हीच सांगायचं. मी शेजारी बसून ऐकतो."